तिरकस माणसाची जागा

आमच्या वहिनीचं नाव सौदामिनी. सौदामिनी म्हणजे वीज, आणि ही बाई आयुष्यभर लातूरच्या एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवत आली, म्हणजे नावाला जागली म्हणायची. पण कडाडणं, कोसळणं, चारचौघांना घाबरवून सोडणं हा विजेचा जो मूळ स्वभाव, तो तिच्यात औषधालाही नाही. ते खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे. मी राजश्री, तिची नणंद. गणित शिकवते. लग्न केलं नाही. का नाही केलं असं विचारणाऱ्याला मी असा काही उलटा प्रश्न टाकते, की आता लातुरात ते विचारायला कुणी धजत नाही. लोक मला तिरकस म्हणतात. पाठीमागे म्हणतात, पण मला ऐकू येतं.

वहिनी मूळची कंधारची. ठेंगणी, पदर कायम खोचलेला, पर्समध्ये कंगव्याशेजारी स्क्रू-ड्रायव्हर. तिचं एक पालुपद आहे: "बसतंय की." भरलेला फ्रिज असो, फुगलेली बॅग असो, लग्नाची पंगत असो, आपण म्हणावं आता मुंगीलाही जागा नाही, तर ही म्हणणार, "बसतंय की," आणि दोन वस्तू इकडच्या तिकडे करून तिसरी आत घालणार. वर तोंडावर असा भाव, की यात काय विशेष.

हे ती शिकली जीपमध्ये. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला असताना ती रोज कंधारहून नांदेडला काळीपिवळी जीपनं जायची. त्या जीपचा ड्रायव्हर व्यंकटी. त्याच्या जीपमध्ये माणसं बसत नसत, रचली जात. बाकावर सगळे सरळ बसले की खांद्याला खांदा अडतो आणि चारांत बाक भरतं. व्यंकटी खाली उतरून ओरडायचा, "येक फुडं, येक मागं! मास्तर, तुमी मागं टेका. मावशे, तू फुडं सरक. पोरी, तू जरा तिरपी व्हय. आता बसतंय का न्हाई समदं?" आणि बसायचं. बाक तेच, जीप तीच, माणसं दुप्पट. वहिनी म्हणते, कॉलेजात चार वर्षांत जे शिकले त्याच्या निम्मं जीपमध्ये शिकले. सासरी येऊन हे असं कुणी बोलतं का? पण ती बोलायची, आणि माझी आई कौतुकानं ऐकायची. माझ्या गणिताचं इतकं कौतुक आईनं कधी केलं नाही, हे जाता जाता सांगते.

तिच्या लग्नाला वर्ष झालं असेल-नसेल, आणि भूकंप झाला. त्र्याण्णवचा. खाली किल्लारीकडे गावंच्या गावं गेली, त्याबद्दल मी इथं बोलणार नाही. ते बोलायला माझी जीभ रेटत नाही. आमच्या लातूरच्या घराला नुसत्या भेगा पडल्या. पण हादरे थांबेनात, घरात झोपायची कुणाची छाती होईना, म्हणून दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, वहिनीच्या नवऱ्यानं, रेणुकादासनं, मागच्या अंगणात पत्र्याचं शेड ठोकलं. त्यात आम्ही, शिवाय औशाकडून आलेली दोन काकांची बिऱ्हाडं. कोपऱ्यात स्टीलच्या पेल्यांची उतरंड रचलेली असायची. जमीन हलली की पेले आधी पडणार आणि आपण जागे होणार, अशी त्या दिवसांत घरोघरची युक्ती होती.

शेडमध्ये झोपायला जागा पुरेना. मी एकटी, ना मूल ना बाळ. मी म्हटलं, शाळेतल्या मैत्रिणीकडे जाते राहायला, तुमची तरी सोय होईल. मी हे रागानं म्हटलं नव्हतं. खरं सांगायचं तर कुणीतरी अडवावं म्हणून म्हटलं होतं. दादा गप्प बसला, कारण त्याला सोय पटली होती. वहिनी तेवढी हातातलं काम टाकून आली. सगळ्यांच्या गाद्या सरळ ओळीत होत्या. तिनं दोन गाद्या ओढल्या, एक कोपऱ्यातून आडवी-तिरकी घातली आणि म्हणाली, "वन्सं, ही तुमची. तुम्ही नाहीतरी तिरक्याच." सगळं शेड हसलं. भूकंपानंतर आमच्याकडे पहिल्यांदा कुणी हसलं ते तेव्हा. मीही हसले, आणि मग तोंड फिरवून थोडी रडलेही, कारण त्या घरात मी जास्तीची नाही हे मला त्या तिरक्या गादीनं सांगितलं होतं.

हादरे थांबले. आम्ही घरात गेलो, आणि रिकाम्या शेडमध्ये दादानं क्लास काढला. गणित माझं. त्या सालापासून पुढं लातुरात क्लासचं जे पीक आलं ते जगाला ठाऊक आहे. बीड, परभणी, नांदेड, कुठकुठून पोरं यायला लागली. ज्याच्या घरात जादा खोली तो खानावळवाला झाला. आमच्या शेडची इमारत झाली, मग रस्त्यापलीकडे दुसरी, तीन मजली, लिफ्टविना. तिथं वरच्या मजल्यावर दोन हॉल: एक इंजिनिअरिंगवाल्यांचा, एक मेडिकलवाल्यांचा. आम्ही शिक्षक मात्र जुन्या इमारतीतच शिकवायचो. माझा गुडघा तीन जिने चढायला तयार नव्हता, आणि जीवशास्त्राच्या गुरुबसप्पा सरांचं पोट. म्हणून कॅमेरे लावले. मी खाली गणित शिकवायची ते पलीकडच्या एका हॉलमध्ये पडद्यावर दिसायचं, गुरुबसप्पा सरांचं दुसऱ्या हॉलमध्ये.

आधी साधी केबल टाकली होती, पण शेजारची डाळमिल सुरू झाली की पडद्यावर रेघांचा पाऊस. मोटारींचा त्रास तांब्याच्या तारेला होतो, काचेच्या तारेला होत नाही, असं वहिनी म्हणाली आणि प्रयोगशाळेतून बाद झालेली जाड गाभ्याची काचेची तार रीतसर मिळवून तिनं रस्त्याखालच्या पाइपमधून दोन पदर घातले. काचेच्या तारेतून वीज जात नाही, उजेड जातो. चित्र उजेडावर बसून जातं. प्रत्येक पदराच्या अलीकडे उजेड पाठवणारा एक डबा, पलीकडे घेणारा एक. एक पदर माझा, एक गुरुबसप्पा सरांचा. दोन वर्षं झकास चाललं.

मग दोन हजार दहाच्या जानेवारीत रस्त्यावर नळाची चारी खणताना कुदळ पाइपवर बसली. एक पदर तुटला, दुसरा वाचला. नेमकं कुठं तुटलं ते आम्हाला कळेपर्यंत चारी बुजली आणि वर सिमेंटचा नवाकोरा रस्ताही झाला. आता तो फोडायला परवानगी कोण देणार? उरलेली तार आम्ही खांबांवरून ओढली, तर दुसऱ्याच दिवशी कडब्याच्या ट्रकनं ती गळ्यात हार घातल्यासारखी ओढून नेली. दोन्ही चित्रं एकत्र करून पाठवणारा नवा डबा मिळत होता, पण तो यायला परीक्षा उलटून गेली असती.

राहिला एक पदर आणि विषय दोन. दादानं बैठक बोलावली. दादाला बोलताना टेबलावर मूठ आपटायची सवय आहे. त्यानं मूठ आपटली आणि म्हणाला, "पोरं मेडिकलची जास्त हायत. जीवशास्त्र चालू राहील. गणिताची वरची बॅच बंद करू." माझ्याकडे त्यानं बघितलं नाही. मूठ मात्र पुन्हा एकदा आपटली, उगाचच.

मी म्हटलं, "बरं."

मी भांडेन असं सगळ्यांना वाटलं होतं. गुरुबसप्पा सरांनी तर चष्मा काढून ठेवला होता. पण मला भांडता आलं नाही. माझ्या वरच्या हॉलमध्ये बहुतेक पोरी होत्या, खेड्यातल्या, गणिताला भिणाऱ्या. त्या भिऊ नयेत म्हणून मी, त्या मला दिसत नसल्या तरी, पडद्यातूनसुद्धा एकेकीला नाव घेऊन रागवायची. त्या कुठल्यातरी दुसऱ्या क्लासला गेल्या असत्या, माझं काय? बॅच गेली की आज ना उद्या मॅडमही घरी, हे कळायला कॅलक्युलस लागत नाही. दादा चुकला होता असंही म्हणता येत नव्हतं. सोय पटण्यासारखीच होती. मला एकदम ते शेड आठवलं.

वहिनी पॉलिटेक्निकातून आली तेव्हा मी खिडकीशी बसले होते. तिनं सगळं ऐकून घेतलं, पदर खोचला आणि विचारलं, "वन्सं, पर्समध्ये आरसा हाय का तुमच्या?"

"आहे. का?"

"द्या इकडं. परत देईन, पण जसा हाय तसा न्हाई."

मग ती गुरुबसप्पा सरांकडे गेली आणि त्यांचा मायक्रोस्कोप मागितला. गुरुबसप्पा सर निलंग्याकडचे, दिसायला पहाड, मन मेणाचं. पण मायक्रोस्कोपला ते पोटच्या लेकरासारखं जपतात. "यप्पा! बाई, त्यात काय बघणार तुम्ही?" वहिनी म्हणाली, "बघणार काहीच न्हाई सर. मला त्याचे नुसते स्क्रू पाहिजेत. तार केसभर सरकवायला दुसरं काही न्हाई आपल्याकडं." सरांचा चेहरा असा झाला, जणू लेक सासरी निघाली.

रविवारी क्लासला सुटी होती. वहिनीनं स्टाफरूमच्या टेबलावर तारेचा एक तुकडा ठेवला, हातभर लांब. एका डब्याचा लाल उजेड तिनं त्या तुकड्याच्या तोंडात नीट समोरून सोडला. पलीकडे पांढरा कागद धरला. कागदावर लाल ठिपका पडला. मग दुसऱ्या डब्याचा उजेड मायक्रोस्कोपच्या पट्टीवर बांधून तिनं त्याच तोंडात सोडला, पण तिरका. स्क्रू फिरवत गेली, आणि कागदावर ठिपक्याभोवती लाल गोल उमटला. कपाळावरच्या कुंकवाभोवती बांगडी ठेवावी तसा. मध्ये थोडी मोकळी जागा, दोघं एकमेकांना शिवत नव्हते.

दादा वाकून बघायला लागला. "पण दोन्ही लालच हायत की! रंग वेगळे घ्यावे लागतात ना? मी वाचलंय कुठं तरी."

"रंगाचे डबे वेगळे घ्यावे लागतील. आपल्याकडं जे हाय त्यात भागवू," वहिनी म्हणाली. "रंग एकच, तार एकच. जागा वेगळी. सरळ गेलेला सरळ निघतो. तिरका गेलेला तारेच्या भिंतीला टेकत, फेर धरत जातो आणि कडेनं निघतो. जाड तारेत, एवढ्याशा अंतरात, ते एकमेकांत मिसळत न्हाईत."

"हे तू शोधलंस?"

"छे हो! लोक हे प्रयोग करून राहिलेत कुठकुठं. मी लायब्ररीत वाचलं होतं. वाचताना मला एवढंच वाटलं की ह्यांना आमचा व्यंकटी भेटला पाहिजे होता." आणि मग तिनं कागदाकडे बघत त्याच्याच आवाजात म्हटलं, "येक फुडं, येक मागं."

मग तुकड्याच्या जागी तिनं रस्त्याखालचा वाचलेला पदर लावला, आणि त्याच्या पलीकडच्या टोकाला माझा आरसा कामी आला. आरशाच्या पाठीवरचा मुलामा तिनं मधोमध सुईनं खरवडून काढला, टिकलीएवढा. तो आरसा तारेसमोर तिरपा उभा केला. मधला ठिपका खरवडलेल्या जागेतून आरपार जायचा, समोरच्या डब्यात. भोवतीचा गोल आरशावरून वळून बाजूला जायचा, तिथं एक भिंग त्याला गोळा करून दुसऱ्या डब्यात सोडायचं. इतकंच. दुकानातून नवं काहीही आणलं नाही, भिंगसुद्धा दादाचं पंचांग वाचायचं.

पहिल्या चाचणीत एक गंमत झाली. माझ्या समीकरणांच्या मागे, पुसट पुसट, गुरुबसप्पा सरांनी काढलेलं बेडकाचं हृदय दिसायला लागलं. वहिनी म्हणाली, पुरेसं तिरकं नाही, म्हणून सांडतंय. तिनं स्क्रू फिरवला. हृदय गेलं, पण माझं चित्रही अंधारलं. "लई तिरकं झालं की आतच घेत न्हाई तार, बाहेर सांडतो उजेड. तिरकसपणालाही मर्यादा असते, वन्सं." हे ती माझ्याकडे न बघता बोलली, म्हणून मी ऐकू आलं नाही असं दाखवलं.

मधला कोन सापडला, आणि जरा वेळानं पुन्हा बिघडला. कारण दादा आनंदानं टेबलावर मूठ आपटून म्हणाला होता, "वा!" त्या दिवसापासून त्या टेबलावर मूठ आपटायची बंदी झाली. वहिनीनं टेबलाच्या कोपऱ्यावर स्टीलच्या पेल्यांची उतरंड रचली. कुणी आपटलं की पेले खणाणणार. दादा बोलायला लागला की उचललेली मूठ हवेतच ठेवून पेल्यांकडे बघायचा आणि हळूच खिशात घालायचा. मूठ आपटता येईना म्हणून त्याचा रागही अर्ध्यावर विरायला लागला. आमच्या वडिलांना जे जमलं नाही ते पेल्यांनी केलं.

सोमवारी वर्ग सुरू झाले. मी खाली कॅमेऱ्यासमोर मन लावून इंटिग्रेशन शिकवत होते. वरच्या पोरींना दोनदा नावानिशी रागवले. तास संपत आला तशी गुणाबाई आली. गुणाबाई आमच्या दोन्ही इमारतींची झाडलोट करते, आणि बातम्या देणं हे काम ती स्वखुशीनं करते. दारातूनच म्हणाली, "बाई, वरी तुमच्या पोरीस्नी गुरुबसप्पा मास्तर मुतपिंड शिकवून राहिलेत!"

"काय?"

"हाव! आन् तिकडल्या हालात डागदरकीच्या पोरास्नी तुमी गनित शिकवून राहिल्यात. लई रागवत व्हता पडद्यातून. आन् पोरं लिवून घेऊन राहिलीत, येक बी बोलंना!"

मी गुडघा विसरून तीन जिने चढले. खरंच. माझ्या इंजिनिअरिंगच्या पोरींनी वहीत मूत्रपिंडाची आकृती काढली होती, बाण मारून, नावं देऊन. मी विचारलं, "अगं, तुम्हाला काही वाटलं नाही?" पुढच्या बाकावरची पोर उभी राहून म्हणाली, "मॅडम, वाटलं नवीन पॅटर्न आहे." पलीकडे मेडिकलच्या पोरांनी इंटिग्रेशनची सगळी उदाहरणं उतरवून घेतली होती, आणि एकानं शेवटचं स्वतः सोडवलंही होतं. बरोबर. मी आयुष्यात इतकी हसले नव्हते. गुरुबसप्पा सर जिन्याच्या पहिल्या वळणावर धापा टाकत विचारत होते, "काय झालं? काय झालं यप्पा?" आणि मला सांगता येईना.

वहिनी आणि दादाही वर आले, आणि घोळ कुणी घातला ते लगेच कळलं. सकाळी पलीकडच्या टोकाचे डबे हॉलना जोडायचं काम दादाकडे होतं. वहिनीनं मधला उजेड जीवशास्त्राला दिला होता, गोल गणिताला. दादानं मधला डबा गणिताच्या हॉलला जोडला. तो मान खाली घालून म्हणाला, "मला वाटलं, मधली जागा राजश्रीचीच असणार. थोरली मॅडम ती. मान तिचा."

ज्या माणसानं आठवड्यापूर्वी माझी बॅच बंद केली होती, तो मला मधला मान देऊन बसला होता. मला गहिवरून आलं. पण आपला स्वभाव जातो कुठं? मी वहिनीकडे वळले. "त्याला कळलं, तुम्हाला नाही कळलं? मला कडेला का बसवलं?"

वहिनी वायरी बदलत होती. तिनं मान वर केली. "कडेला न्हाई हो. मधला उजेड काय, कुणाचाही सरळ जातो. तिरक्याला वाट लांब पडते, भिंतीला टेकत टेकत जावं लागतं, त्यात जीव कमी होतो. तिथं कमजोर उजेड टिकतच न्हाई. आपल्या दोन डब्यांत जो जास्त दमाचा, तो मी तुम्हाला दिला. गुरुबसप्पा सर सरळ माणूस, त्यांना कुठलाही चालतोय."

गुरुबसप्पा सर जिन्यातून म्हणाले, "खरं हाय, खरं हाय."

मला बोलता आलं नाही. हे माझ्या बाबतीत इतकं क्वचित घडतं, की गुणाबाईनं खाली जाऊन ती बातमी आधी दिली, मूत्रपिंडाची नंतर.

परीक्षेपर्यंत ती एकच तार दोन्ही विषय वाहत राहिली. मधून मधून ट्रक जोरात गेला की पेले पडायचे, बेडकाचं हृदय डोकावून जायचं, वहिनी डबा खाता खाता उठून स्क्रू फिरवायची. वरची बॅच पूर्ण झाली. पोरी पेढे घेऊन आल्या; एकीनं तर मूत्रपिंडाची आकृती मला चौकटीत घालून दिली, ती मी टेबलावर ठेवली आहे. उन्हाळ्यात रीतसर परवानगी मिळून पुष्कळ पदरांची नवी केबल पडली. आता ज्याला त्याला आपापली तार आहे. मायक्रोस्कोप माहेरी परतला तेव्हा गुरुबसप्पा सरांनी तो रुमालानं पुसला.

आणि वहिनीनं माझा आरसा परत केला. सोबत एक नवाही आणला होता. नवा मी घेतला नाही. त्या जुन्या आरशात सगळा चेहरा दिसतो, फक्त मधला टिकलीएवढा ठिपका दिसत नाही. रोज सकाळी मी आरसा असा धरते, की ती न दिसणारी जागा बरोबर कपाळावर येते, आणि तिथं टिकली लावते. वहिनी शेजारी उभी राहून बघते आणि म्हणते, "आली हो सरळ." माझ्यात सरळ असतं ते तेवढंच, आणि तेही तिच्यामुळे.